मला बोट लागते. शिडाच्या बोटीने मांडवा ते खांदेरी, दिवसभर: जावं का?

पटवर्धनबाग_पुणे:

नमस्कार मंडळी. समुद्रावर शिडाच्या बोटीने फिरून आलेलं इथे कुणी आहे का? होकार-नकार रविवारपर्यंत कळवायचाय, म्हणून घाईने विचारतेय.

ह्यांचा इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमधला एक मित्र मुंबईला असतो. त्याने आणि आणखी तिघांनी मिळून एक शिडाची बोट घेतली आहे, २८ फुटी. थंडीत ती मांडव्याला असते. तो आणि त्याची बायको आम्हा दोघांना बोलावतायत. आदल्या रात्री मुक्काम, सकाळी निघून किनाऱ्याकिनाऱ्याने खांदेरी किल्ल्याच्या बेटापर्यंत जायचं, दिवस मावळायच्या आत परत. माघात आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात, त्याचं निमित्त. ह्यांचा जीव त्यात अडकलाय. लहानपणी वडिलांबरोबर खडकवासल्याला गेलं की लांब, एनडीएच्या बाजूला, पांढरी शिडं दिसायची. तेव्हापासून एकदा बसायचंय म्हणतात. इतक्या वर्षांत स्वतःसाठी काही एवढ्या हौसेने मागताना मी ह्यांना पाहिलेलं नाही.

अडचण माझी आहे. मला घाटात गाडी लागते आणि पाण्यावर बोट लागते. एलिफंटाला लाँचने गेलो तेव्हा जाताना एकदा आणि येताना दोनदा उलटी झाली होती. ती लाँच तासाभराची, इथे सहा-सात तास. शिडाची बोट तिरकी होऊन चालते हे व्हिडिओत बघूनच पोटात ढवळतं. मी गेले आणि आडवी झाले तर चौघांचा दिवस वाया. नाही गेले तर हेही जाणार नाहीत. "तू नसलीस तर कसली पंचविशी" म्हणतील आणि विषय बंद करतील, पण मनात राहील.

मित्राची बायको फोनवर म्हणाली की लाँचपेक्षा शिडाची बोट कमी लागते. हे खरं आहे, की मला न्यायचं म्हणून म्हणतेय? गोळी घ्यावी तर कोणती आणि कधी? बोटीवर बाथरूम नाही म्हणे, ते कसं निभावतात? माझं वय ४९, बीपीची गोळी चालू आहे. ह्यांना पोहता येत नाही, पण जॅकेट असतंच म्हणतात, तेव्हा त्यांची काळजी नाही.

वारज्याचा_डॉक्टर:

गोळीपुरतं लिहितो. अ‍ॅव्होमिन म्हणजे प्रोमेथाझिन. ती मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही, आधी पोटात हवी. लांबच्या प्रवासाला आदल्या रात्री झोपताना घेतात. हिने झोप येते, तोंड कोरडं पडतं. बीपीच्या काही गोळ्यांबरोबर उठताना चक्कर येऊ शकते आणि हलत्या बोटीवर तेच नको असतं. म्हणून तुमच्या डॉक्टरांना चालू गोळीचं नाव सांगून विचारा, आणि घ्यायची ठरली तर एखाद्या रविवारी घरी घेऊन बघा. समुद्रावर पहिल्यांदा नको.

बोट लागते ती कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाचं आणि डोळ्यांचं जमत नाही म्हणून. कान सांगतो हलतंय, डोळा बोटीच्या आतलं काही बघत असतो तो सांगतो स्थिर आहे. त्यामुळे मोबाइल बंद, खाली केबिनमध्ये जायचं नाही, नजर क्षितिजावर. उपाशी जाऊ नका, तुडुंब खाऊनही नको.

कर्वेनगर_५४:

ताई, मित्राची बायको खरं सांगतेय. पण अर्धंच. उरलेलं मी सांगते, कारण गेल्या जानेवारीत मी आणि माझा नवरा नेमकं हेच करून आलो, आणि मलाही बोट लागते. मी शाळेत गणित शिकवते, सगळं पायऱ्यापायऱ्यांनी सांगायची सवय आहे, तेव्हा लांबेल.

शिडात वारा भरलेला असला की बोट डुलत नाही. एका अंगाला टेकते आणि तशीच चालत राहते, आपण भिंतीला रेलून बसतो तशी. डिझेलचा वास नाही, खालून धडधड नाही. पोट शांत राहतं. घात होतो तो वारं पडतं तेव्हा. मला हे कुणी आधी सांगितलेलं नव्हतं. मी जोराच्या वाऱ्याला घाबरून गेले होते आणि मला गाठलं ते वारा नसताना.

आम्ही शुक्रवारी दुपारी निघालो. एक्सप्रेसवेने खोपोली, मग पेण, वडखळ, पोयनाड. वडखळला अडकलो, रात्री नऊला मांडव्याजवळच्या सासवण्यात पोहोचलो. पुण्याहून त्याच दिवशी पहाटे निघून बोट गाठायचा विचार कृपा करून करू नका. अपुरी झोप आणि चार तासांचा घाट-रस्ता पोटात घेऊन बोटीवर चढलात तर गोळी काय करणार?

सकाळी साडेसातला मांडव्याच्या जेट्टीवर गेलो तर पाणी पायऱ्यांवर चढलेलं होतं, लहान होडीत पाय टाकायला सोपं गेलं. मोठ्या बोटीवर गेल्यावर आमच्या बोटवाल्या मित्राने आधी जॅकेटं चढवली. नुसती अंगात घालायला दिली नाहीत, प्रत्येकाचा मांडीखालचा पट्टा स्वतः ओढून पाहिला आणि खांद्याला धरून जॅकेट वर उचलून पाहिलं, निसटतंय का ते. बूम म्हणजे शिडाच्या खालची आडवी दांडी, ती कुठून कुठे फिरते ते हाताने फिरवून दाखवलं. डोकं कुठे ठेवायचं नाही हे तेव्हाच कळलं. रेडिओ लावून दाखवला, चॅनल १६ हा मदतीचा. मोबाइलमध्ये तटरक्षक दलाचा १५५४ आमच्याकडून भरून घेतला.

आणि मग एक गोष्ट सांगितली, जी मला सगळ्या दिवसात सगळ्यात मोलाची वाटते. म्हणाला, "आज कुणीही 'परत' म्हटलं की बोट वळणार. कारण विचारायचं नाही, समजूत घालायची नाही. खांदेरी दिसली नाही तरी चालेल." त्याच्या बायकोनेही मान डोलावली. ह्यांचं हे आधीच ठरलेलं होतं. तुम्ही ज्यांच्याबरोबर जाताय त्यांना हे फोनवर आजच विचारा. ते "हो" म्हणाले तर निर्धास्त जा. "अगं काही होत नाही गं" म्हणाले, तर मी जाणार नाही.

इंजिन बंद करून शिडं वर घेतली आणि एकदम सगळं गप्प झालं. बोटीच्या अंगाला पाणी घासल्याचा आवाज तेवढा. वारा जमिनीकडून येत होता, गार, आणि त्याच्याबरोबर जमिनीचा वास येत होता. चुलीचा धूर, पालापाचोळा जाळल्याचा वास, कुठूनतरी आंब्याच्या मोहराचा, मध्येच सुक्या मासळीचा. किनारा दीड-दोन किलोमीटर लांब, माणूस एक दिसत नव्हतं, पण गाव नाकाला कळत होतं. किहीमपर्यंत मी इतकी मजेत होते की नवऱ्याला म्हटलं, उगाच घाबरले.

सव्वादहाच्या सुमारास वारं पडलं. एका मिनिटात नाही, हळूहळू. शीड आधी सैल पडलं, मग फडफडलं, मग बूम एकदा इकडे एकदा तिकडे आपटायला लागली. बोट जागच्या जागी, आणि बाहेरून येणारी लांब, गुळगुळीत लाट तिला पाळण्यासारखी हलवतेय. ऊन चढलेलं. मला पहिल्यांदा जांभया आल्या. एकामागून एक. हे लक्षात ठेवा, सुरुवात उलटीने होत नाही, जांभयांनी होते. मग तोंडात लाळ सुटली, कपाळ गार पडलं, बोलणं बंद झालं. नवरा पुढे उभा राहून दीपगृहाचे फोटो काढत होता, त्याला पत्ताच नाही. मित्राच्या बायकोने बघितलं. "तू जांभया देतेस," ती म्हणाली, आणि माझा हात धरून मला मागे, बोटीच्या कडेला नेलं. एकदा उलटी झाली. तिने पाठीवर हात ठेवला होता, तोंड धुवायला पाणी दिलं, वर चिमूटभर मीठ लावलेली लिंबाची फोड दिली.

मित्राने लगेच इंजिन चालू केलं, बोट चालती केली, आणि मला म्हणाला, "इथे बस, हे धर." टिलर. सुकाणूची लाकडी दांडी, जुन्या पोळपाटाच्या कडेसारखी हाताने गुळगुळीत झालेली. डावीकडे ढकलली की बोट उजवीकडे वळते, उजवीकडे ढकलली की डावीकडे. "ते दीपगृह समोरच्या तारेच्या रेषेत ठेव, बाकी काही बघू नकोस."

पहिली पाच मिनिटं मी बोट सापासारखी चालवली. मग हाताला कळायला लागलं. लाट खाली आली की दांडी किंचित ओढते, तेव्हा किंचित धरायचं, लाट गेली की सोडायचं. दहाव्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं की मळमळ गेली आहे. वरचे डॉक्टर म्हणतात ते कान-डोळ्यांचं जमलं असणार. शिवाय आता बोट हलायच्या आधी मलाच ठाऊक असायचं की ती हलणार आहे. गाडी चालवणाऱ्याला गाडी लागत नाही, तसंच. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, आलेपाक खिशात ठेवा, आणि मित्राला आधीच सांगून ठेवा की वारं पडलं की टिलर मला.

सुकाणू हातात होतं म्हणूनच मला पाण्यात ते दिसलं. थर्माकोलचा तुकडा, त्यातून वर आलेली बांबूची काठी, काठीला काळं फडकं. मित्र ओरडला, "टिलर डावीकडे!" डोल जाळ्याची खूण होती ती. लांबून वळसा घातला. जाळं पंख्यात अडकलं तर आपली बोट तर थांबतेच, पण कोळ्याचं जाळं फाटतं, आणि ते कुणी भरून देत नाही.

खांदेरीच्या पूर्वेला, खडकांपासून लांब नांगर टाकला. बेटावर उतरलो नाही, किल्ला बाहेरूनच पाहिला. काळ्या दगडांचा तट, थेट पाण्यातून वर आलेला, आणि वर १८६७ सालचं दीपगृह. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी हा एक. इतिहास पुस्तकात वाचला होता, पण तो नीट समजला तिथे, वारा पडलेला असताना. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीला शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारींना इथे तट बांधायला पाठवलं, आणि मुंबईचे इंग्रज जहाजं घेऊन आडवे आले. त्यांची जहाजं मोठी, शिडांच्या भरवशावरची. आपली होडकी लहान, उथळ पाण्यातून जाणारी, वारं पडलं की वल्ह्यांवर चालणारी. रात्रीच्या अंधारात सामान पोहोचत राहिलं, तट चढत राहिला, आणि १६८० च्या जानेवारीत इंग्रजांना माघार घ्यावी लागली. मित्र हे सांगत होता आणि आमचं शीड शेजारी लोंबत होतं, निर्जीव. मी त्या शिडाकडे बघितलं आणि अंगावर काटा आला. असंच त्या जहाजांचं झालं असणार.

जेवणाला मी दशम्या, लसणीची चटणी आणि गूळ नेला होता. तेलकट काही नव्हतं. सगळ्यांना रुचलं.

आता दुसरी गोष्ट, आणि हिच्यासाठीच खरं तर मी लिहायला बसले. तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय, "ह्यांना पोहता येत नाही, पण जॅकेट असतंच म्हणतात, तेव्हा त्यांची काळजी नाही." माझाही हाच समज होता. माझ्याही नवऱ्याला पोहता येत नाही, तोही म्हणाला होता जॅकेट असतं ना.

सव्वाला वायव्येकडे पाण्यावर एक गडद रेघ दिसली. मित्र म्हणाला, "आला." रेघ जवळ आली, पाण्याचा रंग शिसवी झाला, शिडं भरली आणि बोट कलली. मला ते फार आवडलं, कारण डुलणं थांबलं. बोटीच्या पोटाखाली शिशाचं वजन असतं, ते तिला पुन्हा सरळ करतं, तंजावरच्या डुलत्या बाहुलीला कितीही वाकवा ती उभी राहते तसं. पाच-साडेपाच नॉट वेग लागला, ताशी दहाएक किलोमीटर. मी नवऱ्याकडे वळून काहीतरी म्हणणार होते. तो तारेला धरून बसला होता आणि त्याची बोटं पांढरी पडली होती. पाणी खालच्या कडेशी वीतभर अंतरावरून पळत होतं, तो तिकडे बघतच नव्हता. सव्वीस वर्षांत मी त्याला असा पाहिला नव्हता. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "परत."

आम्ही परतीच्याच वाटेवर होतो, तरी मित्राने "आता परतच चाललोय" असं एका शब्दानेही म्हटलं नाही. त्याने दोर सैल सोडला, बोट सरळ झाली. मग दोघा नवरा-बायकोने मिळून मोठं शीड खाली घेऊन खालचा पट्टा बांधून टाकला, शीड लहान केलं. पुन्हा वारा भरला तेव्हा बोट निम्मीच कलली. वेग फारसा कमी झाला नाही, ते बघून मला आश्चर्य वाटलं. नवऱ्याला मध्ये, केबिनच्या दाराला पाठ लावून बसवलं. अर्ध्या तासाने त्याचा हात सुटला आणि त्याने पाण्याचा घोट मागितला.

त्या रात्री खोपोलीच्या घाटात, अंधारात, त्याने सांगितलं की नऊ वर्षांचा असताना पोहायला शिकवायला म्हणून काकाने विहिरीत ढकललं होतं. पोटाला बांधलेला भोपळा सुटला. वर यायला किती वेळ लागला माहीत नाही. हे त्याने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं, मलासुद्धा नाही. आता तो सकाळी साडेसहाला पोहायच्या तलावावर जातो. सत्तावन्नाव्या वर्षी. गेल्या महिन्यापासून तोंड पाण्यात घालतो.

ताई, ह्यांना आधी विचारा. "पोहता येत नाही" एवढंच आहे की त्याच्यामागे काही आहे ते. बोटीवर नको, घरी, निवांत.

बाथरूमचं सरळ सांगते. लहान बोटीवर केबिनमध्ये झाकणाची बादली असते, बाकीचे पुढे जाऊन बसतात, इंजिनचा किंवा पाण्याचा आवाज असतोच. मित्राच्या बायकोनेच विषय काढला आणि कुठे काय आहे ते दाखवून ठेवलं, त्यामुळे संकोच गेला. पाणी प्यायचं टाळू नका, आपण बायका तेच करतो आणि उन्हात डोकं धरतं. सलवार-कमीज घाला पण ओढणी नको, दोरांत अडकते. बूट रबरी तळव्याचे. परतताना पाणी उतरलेलं होतं आणि जेट्टीच्या खालच्या पायऱ्या शेवाळाने बुळबुळीत होत्या. सगळ्या दिवसात पाय घसरला तो तिथे.

पटवर्धनबाग_पुणे:

तुमचं दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा ह्यांना वाचून दाखवलं. विहिरीपर्यंत आले तेव्हा ते उठून गॅलरीत गेले. अजून काही बोललेले नाहीत. मीही विचारलेलं नाही.

मित्राच्या बायकोला फोन केला आणि "कुणीही परत म्हटलं की परत" हे चालेल का विचारलं. ती म्हणाली, आमच्या बोटीवर पहिल्यापासून तेच आहे. मग होकार दिला. तारीख ठरायची आहे. माघात कुठला दिवस धरावा? वारं पडणार नाही असा दिवस असतो का?

थळचा_नातू:

आजोळ थळ, नोकरी चिंचवडला. आजोबा तांडेल, म्हणजे होडीवरचे मुख्य, होते. ताई, वारं पडणारच. त्याचा दिवस नसतो, वेळ असते.

थंडीत रात्रभर जमीन गार होते, समुद्र त्या मानाने उबदार राहतो, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे. हे मतलई. दुपारी जमीन तापते आणि वारा उलटा फिरतो, समुद्राकडून जमिनीकडे. हे खारे. शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. पण एक वारा संपून दुसरा सुरू होईपर्यंत मध्ये जी पोकळी पडते, साधारण दहा ते साडेबारा-एक, ती पुस्तकात नसते. कर्वेनगरच्या ताईंना बोट लागली ती नेमकी त्या वेळात. तेवढा वेळ नांगर टाकून जेवायला किंवा इंजिनावर चालायला ठेवा. मतलईवर जा, खाऱ्यावर या. मांडव्याहून खांदेरी नैर्ऋत्येला, त्यामुळे सकाळी वारा पाठीशी-बाजूला आणि दुपारी येताना वायव्येचा वारा बरोबर डाव्या अंगाला. शिडाला याहून चांगलं काही नाही.

दिवस निवडायचा तो भरतीसाठी. आमच्याकडे हिशोब साधा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. शुद्ध असो वद्य असो. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती, आणि सहा तासांनी ओहोटी पुरी. दशमीला दहाची पाऊणपट साडेसात. सकाळी साडेसातला भरती पूर्ण, तेव्हा निघालात तर उतरतं पाणी तुम्हाला बाहेर नेतं. दीडला ओहोटी संपते, मग चढतं पाणी तुम्हाला आत आणतं. पाणी आणि वारा दोन्ही तुमच्या बाजूचे. ताईंनी लिहिलंय की साडेसातला पाणी पायऱ्यांवर होतं आणि परतताना खालचं शेवाळ उघडं. त्या दिवशी दशमीच्या आसपासचीच तिथी असणार. शिवाय दशमीला भांगाचे दिवस असतात, पाणी फार ओढत नाही.

पौर्णिमा-अमावास्या टाळा. उधाणाला मुंबईच्या पाण्याची चढउतार चार मीटरच्या वर जाते. साडेअकरा-बाराला भरती, म्हणजे दुपारभर पाणी जोरात बाहेर जाणार आणि तुम्हाला आत यायचंय. त्यात खारा वारा समोरून पाण्यावर आला की लाट आखूड आणि उभी होते. बोट लागणाऱ्या माणसाला ती लाट सगळ्यात वाईट. पंचांगावर दिवस ठरवा, तासासाठी बोटवाल्याने भरतीचा तक्ता बघावाच, तो बघेलच.

काळं फडकं बघून वळसा घातलात, त्याबद्दल ताई, मनापासून आभार. ते जाळं माझ्या मामाचं असू शकलं असतं. डोल पाण्याच्या ओढीवर लावतात, एकदा खुंट रोवला की हलवता येत नाही. वाट तुम्हीच बदलायची. आणि खांदेरीच्या समोर आलात की वेताळाच्या देवळाच्या दिशेने नारळ नाही, पण हात जोडा. आमच्याकडचा कुणीही तसाच पुढे जात नाही.

सिंहगडरोडवासी:

तिथीच्या पाऊणपटीचं आज पहिल्यांदा कळलं. पंचांग घरात असतं, बघतो कोण? साठवून ठेवलं.

पटवर्धनबाग_पुणे:

परवा जाऊन आलो. माघ शुद्ध दशमी. ज्यांनी लिहिलं त्यांना सांगणं माझं काम आहे.

आधी ह्यांचं. जायच्या चार दिवस आधी, रात्री दिवा मालवल्यावर, स्वतःहून बोलले. विहीर नव्हती. पानशेतच्या पुराच्या वर्षी, १९६१ साली, ह्यांच्या वडिलांचं नदीकाठचं घर गेलं. हे तेव्हा जन्मलेलेही नव्हते. पण वडील आयुष्यभर वाहत्या पाण्याजवळ मुलांना जाऊ देत नसत. खडकवासल्यालासुद्धा हात घट्ट धरून कठड्यापासून लांब उभं करायचे. शिडं पाहिली ती तशी, हात आवळलेला असताना. "मला पाण्याची भीती नाही," म्हणाले, "मला तो हात आठवतो." मी काही बोलले नाही. त्यांचा हात धरून झोपले.

आठला निघालो. थळच्या दादांनी सांगितलं तसंच सगळं. जमिनीचा वास आला, चुलीचा आणि मोहराचा, आणि मी जोरात श्वास घेतला, कारण मला तो येणार हे माहीत होतं. दहा वाजता वारं मंदावलं. मी वाट न बघता टिलर मागितला. मळमळलं, उलटी झाली नाही. आलेपाकाच्या चार वड्या संपल्या. पावणेअकराला अजून बरंच जायचं होतं, किल्ल्याचा तट नुसता निळसर दिसत होता, आणि लाट कालच्यापेक्षा मोठी आहे असं मित्राचं म्हणणं पडलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते ठीक होते, हसत होते. पण मला आतून कळलं की मी याहून पुढे टिकणार नाही, आणि मी म्हटलं, "परत."

कुणीही काही विचारलं नाही. बोट वळली. किहीमसमोर नांगर टाकून दशम्या खाल्ल्या, खारा वारा आला तसे शिडावर मांडव्याला आलो. येताना ह्यांनी चालवली. दीड तास. पाणी कडेजवळून पळत होतं आणि हे एक हात दांडीवर ठेवून दुसरा हात बाहेर, पाण्यात सोडून बसले होते. वर काढायलाच तयार नव्हते.

खांदेरीला लांबूनच हात जोडले, दादा.

आता फाल्गुन शुद्ध दशमीला पुन्हा जायचं ठरतंय. होळीच्या आधीची सुट्टी, गर्दी असणार. कर्वेनगरच्या ताई, तुम्ही सासवण्याला कुणाकडे उतरला होतात? जेट्टीपासून पंधरा मिनिटांच्या आत, घरगुती जेवण देणारं ठिकाण हवंय. चौघं आहोत.